वेणूचा चेहरा मी कुठून आणला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? माझं पुस्तक कुठे हातात पडलं असेल तर त्याच्या मुखपृष्ठावरची बाई तुम्ही पाहिली असेल. तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

क्रमाने सांगते. एकवीस वर्षं मराठी शिकवते मी. आधी मुद्दे काढा, मग लिहा, असं पोरींना सांगून सांगून घसा बसला. आणि स्वतःवर वेळ आली तर बघा — मुद्दा सोडून सगळीकडे हिंडते आहे.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, रनाळ्याच्या अलीकडे. घरी पपई, मिरची, थोडा कापूस. अंगण एकच. एका बाजूला आमचं घर, समोर दिराचं, मधे सासऱ्यांची खाट. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. दीर सुनील, आणि त्याची बायको रत्ना — माझी धाकटी जाऊ. नववी शिकलेली, पण हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की आणि बोलायला त्याहून. गावातल्या आठ-दहा बायका गोळा करून तिने मिरची पावडरचा उद्योग उभा केला होता. फोनवर मागणी घ्यायची, पिशव्या भरायच्या, एसटीने नंदुरबारला जाऊन द्यायच्या. एकटी जायची, एकटी यायची. तिच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. मुलगी तान्ही असताना तिने कानातला झुबा ओढला आणि पाळी चिरत खाली आली. ती शिवायचं राहूनच गेलं.

हा कान लक्षात ठेवा. मलाही तो विसरता आला असता तर बरं झालं असतं.

मी कादंबरी लिहीत होते. तीन वर्षं. नायिका वेणू, चाळिशी ओलांडलेली, चांगल्या खात्यापित्या घरातली. एक दिवस पपई भरायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर ती घर सोडून निघून जाते. का जाते, हे सांगायला मी कादंबरी लिहायला घेतली आणि अर्ध्यात येऊन अडकले. कारण वेणू मला दिसतच नव्हती. तिचे हात दिसायचे, चाल दिसायची, पाठमोरी तर अगदी स्वच्छ दिसायची. वळली की चेहऱ्याच्या जागी काही नाही. ज्या बाईचा चेहरा आपल्याला माहीत नाही, ती का रडते हे कसं लिहायचं?

त्याच सुमारास आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. धड्यासाठी चित्रं कशी तयार करायची — फोनवर मराठीत लिहायचं आणि एआय चित्र काढून देतं. सगळे हत्ती, मोर, शिवाजी महाराजांचे किल्ले काढत बसले. मी मागच्या बाकावर बसून लिहिलं, ‘वेणू, वय पंचेचाळीस.’

काय वैताग आणला हो त्या यंत्राने! पहिल्यांदा नाकात नथ, अंगावर पैठणी, समोर तुळशीवृंदावन. मी लिहिलं, साधी शेतकरी बाई. तर डोक्यावर घागर आणि मागे बैलगाडी. आमच्या गावात बैलगाडी शेवटची कधी पाहिली मला आठवत नाही. लिहिलं, नंदुरबार जिल्हा. तर घनदाट जंगल आणि तिच्या हातात धनुष्यबाण! लिहिलं, सपाटीवरचं गाव, पपईची बाग. तर आंब्यासारख्या फांद्या आणि फांदीफांदीला लोंबकळणाऱ्या पपया. सावळी म्हटलं की कोळशाच्या वखारीतून आलेली. पंचेचाळीस म्हटलं की एक तर विशीतली नटी, नाही तर नव्वदीची आजी. मधलं वय त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. पंचेचाळीसची बाई जगात नसतेच का?

पंधरा दिवस हेच. शाळेतून आले की चहा आणि फोन. लिहिणं बाजूलाच राहिलं. ‘रागावलेली’ लिहिलं की डोळे वटारायची, ‘थकलेली’ लिहिलं की गालावर अश्रू. रागावलेली आणि थकलेली आणि तरी ओठात हसू दाबलेली, अशी बाई काही केल्या येईना. आणि अशी बाई तर मी रोज बघत होते. अंगणापलीकडे.

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं मी म्हणू शकते. पण मग हे लिहिण्यात अर्थ काय?

बिबड्यांचे दिवस होते. ज्वारीच्या पिठाचे हे पापड आमच्याकडे प्रत्येक घरी होतात. गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरून आम्ही दोघी ते घालत होतो. उन्हाने रत्नाचा पदर खांद्यावरून खाली आलेला, केस मागे बांधलेले, कपाळावर पीठ. मी ‘बिबडे किती छान झालेत, फोटो काढते’ असं म्हणून फोन धरला. बिबड्यांवरच धरला आधी. मग वर केला. तिने त्याच क्षणी मान उचलून माझ्याकडे पाहिलं — वैतागून, दमून, आणि तरी काहीतरी चावट बोलायच्या बेतात. डावी बाजू. कान उघडा.

तो फोटो मी यंत्राला दिला. लिहिलं, ही बाई पपईच्या बागेत, सकाळची वेळ, हातात पिशवी, निघालेली.

मिनिटभरात वेणू समोर उभी राहिली.

यंत्राने साडी बदलली, पिशवी दिली, मागे खरीखुरी पपईची झाडं दिली. चेहरा तोच ठेवला, आणि कान तसाच ठेवला. ‘कान नीट कर’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर काम झालं असतं. मी लिहिलेसुद्धा. मग खोडले. कारण नीट कानाची वेणू मला खोटी वाटली. बघा म्हणजे, खऱ्या-खोट्याची किती चाड!

पुढची कादंबरी चार महिन्यांत संपली. चित्र समोर ठेवून लिहायचे. आणि त्या कानाला गोष्ट तर हवी ना? ती मी घातली. वेणूचा नवरा भांडणात तिच्या कानातलं ओढून काढतो, अशी. दीड पानाचा प्रसंग आहे. वाचक अजून त्याच प्रसंगाबद्दल बोलतात.

प्रकाशकांनी मुखपृष्ठाबद्दल विचारलं तेव्हा मी ते चित्र पाठवलं. त्यांनी विचारलं, ही कोण? म्हटलं, कुणी नाही, एआयने केलंय. ते खूश. मी मनाशी धरलं होतं की आमच्या गावात कादंबरी कोण वाचतो? खरंच कुणी वाचली नाही. पण फ्लेक्स सगळे वाचतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुस्तक आलं तशी गावाने हौसेने स्टँडवर फ्लेक्स लावला — ‘आपल्या गावच्या सुप्रसिद्ध लेखिका’. कोपऱ्यात माझा पासपोर्टएवढा फोटो, आणि मधोमध पुस्तकाचं मुखपृष्ठ. माणसाच्या उंचीचं. कान माझ्या पंजाएवढा.

मी ते एसटीतून उतरताना पाहिलं. आणि पहिला विचार काय आला असेल? रत्नाचा? नाही. माझं नाव फारच बारीक छापलंय, हा.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सुनील बाहेरून आला तो सरळ अंगणात माझ्यासमोर उभा राहिला. त्याला चहाच्या टपरीवर कुणीतरी पेपरात आलेल्या परिचयावरून गोष्ट सांगितली होती. पुस्तकातली बाई व्यापाऱ्याबरोबर पळून जाते, आणि तिचा कान नवऱ्याने फाडलेला असतो. हसून विचारलं होतं म्हणे, घरचंच छापलं का वहिनींनी? माझा दीर तापट आहे, पण रत्नावर त्याने कधी हात उचललेला नाही. हे मी या अंगणात वीस वर्षं राहून सांगते.

“वहिनी, हाऊ फोटू रत्नाना शे का नही?” त्याने फोनवर फ्लेक्सचा फोटो काढून आणला होता. “कान दखा. तोच कान शे.”

आबा खाटेवर उठून बसले. आमचे हे हातातला पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. रत्ना दारात, हाताला मिरचीचा लाल रंग, कोपरापर्यंत.

घरात मी अहिराणी बोलते. चूल-चौका, भांडण, माया, सगळं अहिराणीत. त्या दिवशी माझ्या तोंडून शाळेची मराठी निघाली. “भाऊजी, हे एआय आहे. जगातले लाखो फोटो पाहून ते स्वतः चित्र तयार करतं. कुणाचा चेहरा कुठे येईल, आपण सांगू शकत नाही. चित्र आलं, कान तसा दिसला, म्हणून मी तो प्रसंग लिहिला.”

किती शुद्ध वाक्यं! एकही अडखळलं नाही.

“पन त्याले आपला घरना फोटू कथाईन भेटना?” आबांनी विचारलं.

इथे मला गप्प बसता आलं असतं. ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. खरं बोलणं मी धरतच नाहीये, नुसतं गप्प बसणंही चाललं असतं. मी म्हणाले, “रत्ना स्टेटसला फोटो ठेवते ना रोज. तिथून गेला असेल.”

सगळ्यांच्या माना माझ्यावरून तिच्याकडे वळल्या. डोळ्यांदेखत वळल्या. आणि मला — हेही लिहिते — मला हायसं वाटलं.

रत्ना हळूच म्हणाली, “मी त्या बाजूना फोटूच काढू देस नही कोनले.”

खरं होतं ते. लग्नांतल्या फोटोतसुद्धा ती उजवीकडून उभी राहते. त्या बाजूचा तिचा एकच फोटो जगात होता आणि तो माझ्या फोनमध्ये होता. ती हे सुनीलला सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती. तिला गच्चीवरची ती दुपार आठवली होती का? आठवली असणारच. तिने तेव्हा पाहिलं तसंच आता पाहिलं, फक्त त्यात ते चावट काही नव्हतं.

तिने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? मोठी जाऊ, बाई, लेखिका — हिच्यापुढे आपलं कोण ऐकणार, म्हणून? की मी स्वतः बोलेन म्हणून ती थांबली होती? हे मी विचारलेलं नाही, विचारायची छाती नाही.

सुनीलने तिचा फोन काढून घेतला. बटणांचा साधा फोन आणून दिला. आदळआपट केली नाही, ओरडला नाही, नुसता घेतला. सगळ्यांना ते फार समजूतदारपणाचं वाटलं. मीही तसंच वाटून घेतलं.

मग पावडरच्या मागण्या कशावर येणार? बायका आठवडाभर विचारत राहिल्या, मग एकेक करून दुसरीकडे लागल्या. नंदुरबारला जायचं तर सुनील म्हणायचा, मी नेऊन देतो. आणि त्याला कधी वेळ नसायचा. एसटीत बायका तिच्या कानाकडे बघतात म्हणून ती स्वतःच जाईना. डोक्यावरून पदर कधी न घेणारी रत्ना डाव्या बाजूने पदर ओढून घ्यायला लागली. भर उन्हाळ्यातसुद्धा. फ्लेक्स पुढे वाऱ्याने फाटला आणि कुणीतरी त्याने कांद्याची चाळ झाकली. वेणूचं नाव मात्र गावात रत्नाला चिकटलं ते चिकटलंच. पाठीमागे म्हणतात. तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून.

आणि मी या काळात काय करत होते? भाषणं देत होते! तालुक्याला, जिल्ह्याला. ‘नवलेखन आणि एआय’. यंत्र कसं आधी नथ देतं, मग धनुष्यबाण देतं, हे सांगून लोकांना हसवायचे. पपया लोंबकळणाऱ्या आंब्यावर तर टाळ्याच पडतात. मग आवाज खाली आणून म्हणायचे, आणि एक दिवस वेणू प्रकटली. एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, “मॅडम, हा चेहरा कुणा खऱ्या बाईचा नाही ना?” मी हसून म्हटलं, “सगळ्याच बायकांचा आहे.” पुन्हा टाळ्या. चीड येते मला त्या टाळ्यांची. त्या मुलीचीही येते, एवढ्यावर गप्प बसली म्हणून. दुसऱ्यांवर चिडणं किती सोपं आहे, नाही?

या उन्हाळ्यात पुन्हा बिबडे झाले. मी माझा फोन खाली ठेवून गच्चीवर गेले. मुद्दाम. रत्नाच्या ते लक्षात आलं असावं. आम्ही दोघी बिबडे घालत होतो. पीठ संपत आलं तेव्हा तिने विचारलं, “ताई, ती बाई शेवटले मांगे येस का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कादंबरीबद्दल विचारत होती. एवढं सगळं झालं, आणि तिने ती वाचलेली नव्हती. वेणू शेवटी घरी परत येते का, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

“नही येस,” मी म्हटलं.

“बरं शे,” ती म्हणाली आणि रिकामं पातेलं घेऊन जिन्याकडे गेली.

तिथेच बोलायला हवं होतं. गच्चीवर कुणी नव्हतं, घरात कुणी ऐकत नव्हतं. मी तिची पाठ बघत राहिले. जिना उतरताना तिने एक हात कठड्याला धरला आणि दुसऱ्याने पदर कानावर घेतला. खाली बघायलासुद्धा कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. पहिली आवृत्ती संपली, दुसरी काढतोय. काही दुरुस्त्या? मी दोन शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या. मग ते म्हणाले, मुखपृष्ठ हवं तर बदलू, आता एक चांगली चित्रकार आहे आमच्याकडे. बागेत पाठमोरी बाई, असं काहीतरी काढेल.

पाठमोरी. म्हणजे जशी वेणू मला आधी दिसायची तशी. एका ‘हो’चं काम होतं. पण मुखपृष्ठ बदललं तर घरात विचारतील का बदललं — हा विचार मनात आला. आणि त्याच्यामागे दुसरा आला, तो जास्त खरा आहे. त्या चेहऱ्याशिवाय माझं पुस्तक कोण हातात घेईल?

“तेच राहू द्या,” मी म्हटलं.

दुसऱ्या आवृत्तीचा गठ्ठा गेल्या आठवड्यात घरी आला. सुनीलनेच तो मोटारसायकलवरून आणला. एसटीच्या पार्सलमधून सोडवून, दोरीने नीट बांधून. माझ्या ओट्यावर ठेवला आणि गेला.

त्या रविवारी अंगणात मला दोनच वाक्यं बोलायची होती. फोटो मी काढला. मशीनला मी दिला.